कन्या एक

अण्णांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेले
तेव्हा गुरुजींनी आधी गाव विचारलं, मग आडनाव,
मग "बरोबर पुरुष कोण आहे?"
मी म्हटलं, रिक्षावाला. तो वर थांबलाय.

हसले नाहीत. वही काढली.
लांबट, लाल कापडातली, हळदीचा आणि डांबरगोळ्यांचा वास.
चांदवड, ठोंबरे, सटवाजीचे कारभारी, कारभारींचे मुरलीधर.
अण्णांची सही, 'ली'ची वेलांटी पार पुढच्या ओळीत गेलेली,
आणि खाली त्यांच्याच अक्षरात:
"कन्या एक."

एक. नुसता आकडा.
मला वाईट वाटायला हवं होतं.
पण मी तेहतीस वर्षं नोट प्रेसमध्ये नोटा तपासल्या,
आकड्यात अपमान असतो हे मला पटकन कळत नाही.
एका शीटवरच्या सगळ्या नोटा जुळ्या बहिणी,
तोच रंग, तोच चष्मा, तेच हसू,
फरक काय तो नंबराचा.
तेवढंच व्यक्तिमत्त्व, आणि त्यावर बाजार चालतो.

गुरुजी म्हणाले, लग्नानंतर तुम्ही दुसऱ्या वहीत गेलात.
तिकडचे उपाध्ये वेगळे, पलीकडच्या ओट्यावर बसतात.
गेले होते, खरं आहे.
ताटातल्या तांदळावर अंगठीने
शशिकलेची अपर्णा झाली.
अकरा वर्षं कुणी "अपर्णा" म्हटलं
की मी मागे वळून बघायचे, कोण आलंय.
मग कोर्ट, मग गॅझेट, मग पुन्हा शशिकला.
नाव परत घ्यायला अर्ज तीन प्रतींत लागला,
टाकून द्यायला एक अंगठी पुरली होती.

"श्रद्धा आहे ना?" संकल्पाआधी त्यांनी विचारलं.
आता काय सांगू.
सतराव्या वर्षी नव्हती,
आणि ती नसण्यावर माझी फार श्रद्धा होती.
अपर्णेला सोळा सोमवार होते, तिला न विचारता.
चाळिशीत इगतपुरीला दहा दिवस गप्प बसून
मन बघितलं; ते उद्याच्या डब्याची भाजी ठरवत होतं.
नंतरची काही वर्षं काहीच नाही. छान गेली.
हल्ली तिन्हीसांजेला दिवा लावते,
देवासाठी की लोडशेडिंगच्या जुन्या सवयीने
हा निकाल मी राखून ठेवलाय.
"मंगळवारी असते," मी म्हटलं.
बुधवार होता. त्यांनी मान डोलावली.
"चालेल. मीही केमिस्ट्रीत एम.एस्सी. आहे."

मडकं पाण्यात रिकामं केलं.
इथे हाडं विरघळतात म्हणतात.
खरंच का हो, मी विचारलं.
"केमिस्टला विचारताय की गुरुजींना?"
जो मोकळा असेल त्याला.
मग दोघेही गप्प बसले,
आणि त्यांच्यातल्या एकाने पेन पुढे केलं.

"कन्या एक"पुढे चार बोटं जागा होती.
लिहिलं: शशिकला. पुढे बापाचं नाही, नवऱ्याचं नाही.
"कुळ, गोत्र?"
वर आहे की सगळं, मी म्हटलं,
आणि म्हणता म्हणताच लक्षात आलं,
वर आहे म्हणून तर खाली मोकळं सोडता येतंय.
माझं बंडसुद्धा त्यांच्याच रेघांवर, त्यांच्याच जेल पेनने.

दक्षिणेची पाचशेची नोट त्यांनी उजेडात धरली.
म्हटलं, आमच्याच सेक्शनची असेल.
तरी धरली. बरोबर केलं.

येताना मिसळीला थांबले, रिक्षावाल्यालाही बोलावलं.
"मावशी, तिखट ना? नेहमीसारखी?"
मध्यम.
"गेल्या वेळी तर..."
गेल्या वेळी दुसरी कुणी आली असेल.
त्याने मध्यम आणली.
रस्सा मात्र सगळ्यांचा एकाच पातेल्यातला.
मी दोनदा मागून घेतला.